गादीशेजारचा कारभारी

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात फ्रान्सिस्को गोयाने १७९८ मध्ये रंगवलेले गास्पार मेल्चोर दे होवेयानोस यांचे पूर्णाकृती तैलचित्र आहे. होवेयानोस तेव्हा स्पेनचे न्यायमंत्री होते. १७९७ च्या नोव्हेंबरात त्यांना ते पद मिळाले आणि १७९८ च्या ऑगस्टात गेलेही. चित्रात ते नक्षीदार मेजाशी बसले आहेत. डावे कोपर मेजावर, डोके त्या हातावर टेकलेले, उजव्या हातात एक कागद सैलसर धरलेला. मेजावर आणखी कागद आहेत, आणि मागून मिनर्व्हा या विद्येच्या देवतेची मूर्ती त्यांच्या दिशेने हात पुढे करून उभी आहे. मंत्रिपदाचा डामडौल कुठे नाही. चेहऱ्यावर थकवा आहे आणि नजर पाहणाऱ्याकडे असूनही कुठेतरी दुसरीकडे लागलेली आहे. या माणसाने तीनच वर्षांपूर्वी, १७९५ मध्ये, शेतीच्या कायद्यांवरचा आपला गाजलेला अहवाल प्रसिद्ध केला होता. फिरत्या मेंढपाळांच्या मेस्ता या बलाढ्य संघाला राजाने दिलेल्या सवलतींमुळे शेतकरी कसा नागवला जातो, हे त्याने त्यात मांडले होते. (थेलारी मेंढपाळांचा कळप खतासाठी मुद्दाम आपल्या वावरात बसवून घेणाऱ्या खानदेशातल्या शेतकऱ्याला हा तंटा जरा उफराटाच वाटेल.) हा माणूस विचार करतो, लिहितो, आणि त्या लिहिण्याचे ओझे त्याच्यावर आहे, एवढेच गोयाला सांगायचे आहे. त्यासाठी त्याने तलवार, पदक, घोडा यांतले काहीच वापरलेले नाही. मेज आणि कागद त्याला पुरले.

या चित्राच्या सहा वर्षे आधी, १७९२ मध्ये, पुण्यात जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणवीस यांचे एकत्र तैलचित्र काढले. ते आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. नानांचा जन्म १७४२ चा, होवेयानोस यांचा १७४४ चा. दोघेही कारभारी, दोघांचेही आयुष्य कागदांत गेलेले, दोघांनाही पुढे बंदिवास भोगावा लागला. उतरत्या अठराव्या शतकातल्या मराठी मुलखात लेखणीच्या बळावर राज्य हाकणारा माणूस शोधायचा, तर नानांशिवाय दुसरे नाव सुचणार नाही. मग त्यांचे चित्र मेजाशी, किंवा आपल्या पद्धतीने म्हणायचे तर फडावर, कलमदान आणि कागदांचे रुमाल पुढ्यात घेऊन बसलेल्या माणसाचे का झाले नाही? वेल्सच्या चित्राचा सगळा भर बैठकीवर आहे: अठरा वर्षांचे पेशवे, त्यांच्या शेजारी पन्नाशीचे नाना, मागे उभे सेवक. नानांचा चेहरा कृश, लांबट आणि सावध आहे. वेल्सचा हात चांगला होता, चेहऱ्यावरून माणूस ओळखू येतो. पण हा माणूस काय करतो हे चित्र सांगत नाही. तो कुठे बसतो, एवढे सांगते. माझे म्हणणे असे, की हा फरक चित्रकाराच्या कुवतीतून आलेला नाही आणि नानांच्या बुद्धीच्या उणिवेतून तर नाहीच. विचारी माणसाची आठवण कशाच्या आधारे टिकवायची, याची दोन समाजांची रीत वेगळी होती आणि हा फरक त्या रीतीतून आला. आपल्याकडे ती आठवण हक्काच्या आधारे टिकत असे. चेहऱ्याची गरज परराज्याशी व्यवहार करताना पडली, आणि त्या व्यवहारात मोजली जाणारी गोष्ट आसन ही होती.

आसनाचे महत्त्व किती होते, हे समजायला त्याच वर्षाची दुसरी घटना पुरे. १७९२ च्या जूनमध्ये महादजी शिंदे उत्तरेतून पुण्यात आले. बादशहाकडून पेशव्यांसाठी मिळवलेली वकील-इ-मुतलकीची सनद आणि वस्त्रे त्यांच्यापाशी होती आणि त्यांच्या कवायती पलटणींचा दबदबा साऱ्या हिंदुस्थानात होता. हा सरदार पेशव्यांच्या भेटीला गेला तो सगळ्या मानकऱ्यांच्या खाली जाऊन बसला, आणि काखेतल्या गाठोड्यातून पेशव्यांचे जोडे काढून, आपल्या वाडवडिलांचे काम हेच, असे म्हणाला, ही हकिकत इतिहासकार ग्रँट डफपासून सगळे सांगत आले आहेत. महादजींच्या विनयावर कोणी किती विश्वास ठेवावा हा ज्याचा त्याचा प्रश्न. नाना फडणवीसांनी फारसा ठेवला नसावा. पण कोण कुठे बसतो या एका गोष्टीतून केवढे राजकारण बोलता येत होते, ते या हकिकतीतून दिसते. अशा दरबारात बसून जो चित्रकार चित्र काढणार, त्याला प्रत्येक आसनाची जागा नेमकी दाखवावीच लागणार. नाना पेशव्यांच्या शेजारी बसलेले दिसणे, ही त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात पुण्यात उलगडत असलेल्या स्पर्धेतली एक बाजू होती. त्या चित्रात त्यांना दप्तरात बुडालेला फडणीस म्हणून दाखवले असते तर ते त्यांचा मान कमी केल्यासारखे झाले असते. फडावर बसून लिहिणारे शंभर कारकून होते. गादीशेजारी बसणारा एकच होता.

चित्र कोणासाठी काढले जाते, यावरही त्यात काय दिसणार हे ठरते. गोयाने काढलेले चित्र होवेयानोस यांनी आपले स्नेही आरियास दे सावेद्रा यांना दिले. त्या काळच्या स्पेनमधल्या सुधारणावाद्यांत पत्रे, पुस्तके आणि चित्रे हातोहात फिरत. गोया स्वतः त्या वर्तुळातल्या अनेकांचे चेहरे रंगवत होता. मित्राच्या घरी लागणाऱ्या चित्रात माणूस थकलेला, हातावर डोके टेकलेला दिसला तरी चालतो, किंबहुना तसाच तो मित्राला हवा असतो. पुण्यातले चित्र मित्रासाठी नव्हते. वेल्स १७९१ मध्ये मुंबईला उतरला आणि पुढच्या वर्षी पुण्यात आला तो इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने. मॅलेट १७८६ पासून पुण्यात होता. १७९० मध्ये टिपूविरुद्ध इंग्रज, मराठे आणि निजाम यांचा जो तह झाला, तो त्याच्या कारकिर्दीतला मोठा दिवस होता, आणि तो दिवस रंगांत टिकवावा अशी त्याची हौस होती. वेल्सने त्यासाठी दरबारातल्या माणसांचे चेहरे टिपून ठेवले. प्रत्यक्ष मोठे चित्र मात्र त्याच्या हातून व्हायचे नव्हते. १७९५ च्या नोव्हेंबरात तो वारला. त्याच्या आदल्याच महिन्यात सवाई माधवराव शनिवारवाड्यातून पडून गेले होते. वेल्सच्या टिपणांवरून टॉमस डॅनियलने ते दरबारचित्र पुरे केले आणि १८०५ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत मांडले. तोवर नानांना जाऊन पाच वर्षे झाली होती. तो दरबार डॅनियलने पाहिलेला नव्हता, आणि वेल्सनेही नाही. तो दरबार भरला तेव्हा वेल्स हिंदुस्थानात यायचा होता. म्हणजे ज्यांनी प्रसंग पाहिला नाही अशा दोघांनी मिळून तो प्रसंग उभा केला, आणि तरी त्यात कोण कुठे बसला याची चूक होऊ नये अशी काळजी घेतली गेली. चेहरे नंतर गोळा करता येतात. आसनांचा क्रम आधीच ठरलेला असतो.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. चित्रकार परका, गिऱ्हाईक परके. त्यांनी हिंदुस्थानातल्या माणसाला पागोटे, मोत्यांच्या माळा आणि लोड यांतच पाहिले, विचार करणारा माणूस त्यांना दिसलाच नाही. या चित्रावरून मराठ्यांच्या रीतीबद्दल काय ठरवणार? या आक्षेपात तथ्य आहे, पण ते अर्धे. वेल्स ज्या देशातून आला तिथे मंत्र्यांचे आणि वकिलांचे चित्र कागदपत्रांसह काढण्याची चाल रुळलेली होती. मेज, दौत, पत्र हे त्याच्या हातातले नेहमीचे साहित्य होते. त्याला ते नानांच्या पुढ्यात मांडायला कोणी बंदी केली असती तर ती दरबारानेच. दुसरे असे, की पेशव्यांच्या घरात चित्रांचे वावडे नव्हते. शनिवारवाड्याच्या भिंती चिताऱ्यांनी रंगवलेल्या होत्या, जयपूरकडच्या भोजराजाचे नाव त्या संदर्भात येते, आणि मेणवलीला नानांच्या स्वतःच्या वाड्यात आजही भित्तिचित्रे पाहायला मिळतात. मॅलेटच्या आग्रहावरून सवाई माधवरावांनी पुण्यात चित्रशाळा काढू दिली, तिथे वेल्सच्या हाताखाली गंगाराम तांबट तयार झाला. या गंगारामाने पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला, वेरूळची लेणी काढली, आणि इतक्या बारकाईने काढली की मॅलेटने वेरूळवर लिहिले तेव्हा त्याच्या चित्रांचा आधार घेतला. जो हात गेंड्याच्या कातडीच्या घड्या मोजून काढतो, त्या हाताला लिहिणारा माणूस काढणे अवघड गेले असते असे कोण म्हणेल? मोगल चित्रांत तर मुनशी, मुल्ला, लेखक, अगदी चितारीसुद्धा आपल्या कामात गुंतलेले दिसतात. साधन होते, कसब होते, नमुनेही होते. मागणी नव्हती.

दुसरा आक्षेप जास्त बोचणारा आहे. नाना आणि होवेयानोस यांची जोडी जुळवणेच चूक. एकाने ग्रंथ लिहिले, शाळा काढली, कायदे बदलायला सुचवले, दुसऱ्याने राज्य सांभाळले. नाना मुत्सद्दी होते, विचारवंत नव्हते. हे कबूल करायला हरकत नाही. नानांनी शेतीच्या कायद्यावर प्रबंध लिहिलेला नाही, आणि होवेयानोस यांनी १७९४ मध्ये आपल्या गावी, हिहोनला, नौकानयन आणि खाणविद्या शिकवणारी संस्था काढली, तसले काही नानांच्या खात्यावर दाखवता येत नाही. पण नानांपाशी आत वळून पाहणारे मन नव्हते असे म्हणणाऱ्याने त्यांचे छोटे आत्मवृत्त पाहावे. पानिपतावरून जीव वाचवून परतलेला एकोणीस वर्षांचा मुलगा आपल्या तरुणपणच्या वासना, आपली भीती, आईच्या वियोगाचे दुःख ज्या मोकळेपणाने सांगतो, तो मोकळेपणा त्या शतकातल्या मराठीत दुसरीकडे सापडणे कठीण. गोयाच्या चित्रातल्या माणसाचा थकवा आपल्याला चेहऱ्यावर वाचावा लागतो. नानांचा त्यांच्याच लेखणीतून कळतो. म्हणून तुलना व्यक्तींची नसून नोंदीच्या जागांची आहे. आत काय चालले आहे ते कागदावर जात होते. कॅनव्हासवर जात होता तो मान.

खानदेशातल्या चाळीसगाव तालुक्यात याच रीतीचा, नानांच्या काळाहून साडेपाचशे-सहाशे वर्षे जुना पुरावा दगडावर कोरलेला आहे. पाटण इथल्या पाटणादेवीच्या देवळातला हा शिलालेख शके ११२८ चा, म्हणजे तेराव्या शतकाच्या अगदी आरंभीचा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ च्या सुमारास तो विद्वानांपुढे आणला. सिद्धान्तशिरोमणीचा कर्ता भास्कराचार्य याच्या घराण्याची सगळी परंपरा त्यात आहे: त्रिविक्रमापासून महेश्वरापर्यंत पूर्वज, मग भास्कर, त्याचा मुलगा लक्ष्मीधर, ज्याला यादव राजा जैत्रपालाने इथून बोलावून नेऊन पंडितांचा प्रमुख केले, आणि नातू चांगदेव, जो सिंघण यादवाचा ज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चांगदेवाने इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिले. लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे. पण शेवटी, जिथे मठाला कोणी काय द्यायचे याची यादी येते, तिथे भाषा मराठी होते. स्तुती पंडितांनी वाचावी, देणे मात्र तेल्याला, व्यापाऱ्यालाही कळावे! एवढ्या मोठ्या गणितज्ञाचे रूप कसे होते, उंच की बुटका, दाढी होती की नव्हती, याबद्दल कोणालाही काही नोंदवावेसे वाटले नाही. त्याच्या नावाने ज्ञान चालू राहावे आणि ते चालू ठेवणाऱ्याला पोटाला मिळावे, ही खरी आठवण. आज शाळांच्या भिंतींवर भास्कराचार्यांचे जे चित्र लावतात ते आपल्या काळाने कल्पनेतून घडवले आहे, आणि त्यात गैर काही नाही; फक्त ते आपल्या गरजेचे चित्र आहे, पाटणच्या लोकांच्या गरजेचे नाही.

आता सगळ्यात अवघड आक्षेप. चित्रे काढली गेली असतील, पण उरली नसतील. १८१८ मध्ये पेशवाई गेली, १८२८ च्या फेब्रुवारीत शनिवारवाडा जळाला आणि रंगवलेल्या भिंतींसह राख झाला. खानदेशाची अवस्था तर त्याही आधी बिघडली होती. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजांनी मुलूख जाळला आणि लगेचच्या दुष्काळाने गावेच्या गावे ओस पडली, त्यात वाड्यांमधले काय काय गेले असेल याचा हिशेब कोण देणार? ज्याचा पुरावा नाहीसा झाला, ते नव्हतेच असे म्हणणे न्यायाला धरून नाही. हे मान्य करूनही एक गोष्ट उरते. कागद चित्राइतकाच नाशवंत. तोही जळतो, त्यालाही वाळवी लागते. तरी मराठी मुलखात कागद अफाट प्रमाणात वाचला. पेशवे दप्तर इंग्रजांनी ताब्यात घेऊन सांभाळले, कारण इनामे, वतने, सरंजाम कोणाचे खरे आणि कोणाचे खोटे हे त्यावरून ठरवायचे होते; १८५२ नंतर इनाम कमिशनने घरोघरच्या सनदा मागितल्या तेव्हा ज्या घराने रुमाल जपले होते त्याची जमीन राहिली. जुन्या वाड्यांत दप्तरे माळ्यावर का होईना ठेवली गेली, याचे कारण इतिहासप्रेम नव्हते. तो कागद जमिनीचा आधार होता. चित्र कोणताच हक्क शाबीत करत नव्हते. वाड्याला आग लागली तर माणूस आधी काय उचलून बाहेर धावेल? म्हणजे चित्रे हरवली असे धरले, तरी ती का हरवली आणि कागद का उरला, याचे उत्तर पुन्हा त्याच रीतीकडे जाते.

या रीतीचा शेवटचा मोठा वारस खानदेशातच येऊन वारला, हे तिथल्या वाचकाला ठाऊक आहेच. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला आणि पुढची वर्षे गावोगाव, वाड्यावाड्यांतून रुमाल सोडवण्यात घालवली. १९२६ च्या अखेरीस धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथेच उभे राहिले. राजवाड्यांनी अठराव्या शतकाला बोलते केले ते पत्रांतून. वासुदेवशास्त्री खऱ्यांचे नानांचे चरित्र असो की पारसनिसांनी मिळवलेले मेणवलीचे दप्तर असो, आपला सगळा इतिहास वाचून कळलेला आहे. बघून कळलेले त्यात फार थोडे. याला अपवाद म्हणून चाळीसगावच्या केकी मूस यांचे नाव कोणी घेईल. आपल्या घराला रेम्ब्रांटचे नाव देणारा हा छायाचित्रकार माणसाच्या चेहऱ्यावर पडणाऱ्या उजेडाचा आयुष्यभर विचार करत बसला. पण मूस विसाव्या शतकातले, आणि ती दृष्टी त्यांनी विलायतेतून शिकून आणलेली होती. पाटणच्या दगडापासून चाळीसगावचे हे घर फार लांब नाही. मधली सात शतके मात्र बिनचेहऱ्याची आहेत.

म्हणून वेल्सचे चित्र वापरताना थोडी काळजी घ्यावी असे वाटते. त्यातले नाना पुष्कळदा एकटे छापले जातात: पेशवे कापलेले, सेवक कापलेले, उरतो तो पागोट्याखालचा सावध चेहरा, आणि खाली कुशाग्र बुद्धीचा मुत्सद्दी अशा अर्थाची ओळ. असे केले की आपण नकळत त्या चित्राचे गोयाचे चित्र करतो, एकट्या विचारी माणसाचे. नानांना ते शोभेल. पण चित्राने ते म्हटलेले नाही. चित्रात दोघे आहेत. एक अठरा वर्षांचा मुलगा, ज्याच्या नावाने सनदा निघत, आणि एक पन्नाशीचा कारभारी, जो त्या सनदा लिहवून घेई. तीन वर्षांनी तो मुलगा वाड्याच्या वरच्या मजल्यावरून खाली पडला तेव्हा कारभाऱ्याने त्याला किती धाकात ठेवले होते यावर कुजबूज सुरू झाली, आणि इतिहासकारांचा तो वाद अजून मिटलेला नाही. त्या दोघांमधल्या अंतराबद्दल वेल्सने आपल्या परीने काही नोंदवून ठेवले आहे. पेशव्याला कात्री लावल्यावर ते पाहायला मिळत नाही.